माहीत असून विचारणाऱ्या इंदूताई

आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये नवी बाई आली की चार-आठ दिवसांनी हमखास विचारते, "हे इंदूताई कोण होत्या वो? सारे त्यायचंच नाव घेतात." मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. लांजीकडची मैनाबाई म्हणते, "माही लाइन त्यायनंच जोडली." वारासिवनीचे भैयालालजी म्हणतात, "हमारी हेडमास्टरनी थी।" दोघंही खरंच बोलतात. पण मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई. त्या नागपूरला गेल्या आणि पुढे तिथंच वारल्या, पण जाईपर्यंतचं सगळं मी माझ्या ओट्यावरून पाहिलं. ग्रुपवर आवाजात सांगायला घेतलं तर मी इतकी लांबते की बाया अर्ध्यात चहा करायला उठून जातात. म्हणून लिहायला बसले. जसं तोंडाला येईल तसं लिहिते, तुम्ही सांभाळून घ्या.

इंदूताई डोंगरे बालाघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, की बाबांनो, एके काळी परगावी फोन लावायचा तर मधे एक बाई बसलेली असायची. तुम्ही तिला नंबर सांगायचा, ती लाइन जोडून द्यायची, मग तुमची बहीण तिकडून रडायची आणि तुम्ही इकडून. ती मधली बाई म्हणजे आमच्या इंदूताई. गावातली किती लग्नं, किती बाळंतपणं, किती मरणं आधी त्यांच्या कानावरून गेली असतील! पण त्यातलं अवाक्षर त्यांनी कधी ओट्यावर सांडलं नाही. मी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "सुभद्रे, लाइन जोडणाऱ्यानं ऐकाचं नसते. ऐकू आलं तरी ऐकाचं नसते."

नोकरी संपली, पण नोकरीची बसण्याची ढब गेली नाही. मोबाइलवर बोलायचं झालं तरी आधी पदर सारखा करणार, पाठ सरळ करणार, घसा साफ करणार आणि मग "हां, बोला" म्हणणार. समोरचा बोलून थांबला की विचारणार, "झालं बोलून?" हे फोनवर ठीक आहे हो, पण समोरासमोरही तसंच! एकदा नालीच्या पाण्यावरून मागच्या गल्लीतली एक बाई भांडायला आली. हातवारे करून करून बोलली. इंदूताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं बोलून?" ती बाई अशी गडबडली, की "हौ, झालं" म्हणून मुकाट्यानं चालती झाली. नाली अजून तशीच आहे म्हणा.

तर ग्रुपचं सांगते. एकदा त्या राशन दुकानातून आल्या त्या तणतणतच आल्या. किरनापुराकडून आलेली एक बाई तिथं रांगेत होती. ओटीपी आला की ती फोन पुढे करून जो दिसेल त्याला म्हणायची, "भाऊ, पाहून द्या ना." तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरपुढे धरावं तसा धरला होता म्हणे तिनं फोन. इंदूताईंनी विचारलं, "तुहा फोन तू दुसऱ्याच्या हाती काहून देतं?" तर ती म्हणाली, "घरी पोट्टा पाहून देते वो मॅडम. थो कामावर गेला. मले काय समजते?"

"सुभद्रे," इंदूताई चप्पल न काढताच मला म्हणाल्या, "जिंदगीभर मी मधात बसून लोकायले जोडून देल्लं. आता मधात कोणी नाही, लाइन सरळ त्यायच्या हातात आहे, अन् त्यायले उचलता येत नाही. हे काही बरोबर नाही."

त्याच आठवड्यात ग्रुप निघाला. नाव ठेवलं, 'आपला फोन आपल्या हातानं'. आसपासच्या गावांतल्या बाया त्यात आल्या, दोन-चार म्हातारे पुरुषही आले. नियम दोनच. पहिला, ग्रुपवर लिहायचं नाही. बोलायचं. ज्याला वाचता येत नाही तो बाहेर उभा राहू नये म्हणून. दुसरा, शिकवताना दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. कारण घरोघरी काय होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. नातवाला काही विचारलं की तो "आण इकडे" म्हणून फोन ओढून घेतो, चार ठिकाणी टिचक्या मारतो आणि "झालं" म्हणून परत देतो. आजी होती तिथंच. म्हणून रविवारी दुपारी बाया त्यांच्या ओट्यावर जमल्या की इंदूताई आपले दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या. शाळेतल्या पोरासारख्या. माझा अंगठा भलतीकडेच जायचा, मला घाम फुटायचा, मी म्हणायची, "ताई, तुमीच करून द्या ना वो." त्या नुसत्या मानेनं नाही म्हणायच्या. हात काही पुढे यायचे नाहीत. किती वेळा वाटलं, त्या हातांना मागे कोणी बांधून ठेवलंय की काय!

मैनाबाई त्याच सुमाराला ग्रुपमध्ये आली. लांजीच्या पलीकडच्या गावची. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचणारी, घरात कोंबड्या पाळणारी. फोन तिचा, पण राहायचा नवऱ्याच्या खिशात. तो शेतावर विसरून गेला की हिला मिळायचा. तिचा पहिला मेसेज आला तो असा, की आधी कोणाचा तरी श्वास, मग कोंबड्यांचा कलकलाट, मग पुन्हा श्वास, आणि संपलं. बायांना हसू आवरेना. इंदूताईंनी मात्र तो मेसेज पुन्हा पुन्हा लावून कान देऊन ऐकला आणि मग पदर सारखा करून उत्तर दिलं, "मैनाबाई, तुमच्या कोंबड्यायचा आवाज साफ आला. लाइन चांगली आहे. आता तुमचा येऊ द्या." दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी एकच वाक्य आलं. "मी मैना बोलून राह्यली." बस्, एवढंच. त्या दिवशी इंदूताईंनी माझ्याकडे गूळ-शेंगदाणे पाठवले होते.

आणि भैयालालजी! राइस मिलमध्ये मुनीम होते, आता घरी बसलेले. रोज पहाटे ग्रुपवर एक गुलाबाचं फूल टाकायचे, वर 'सुप्रभात' लिहिलेलं. इंदूताईंनी गोडीनं सांगितलं, मग कडक सांगितलं. भैयालालजी म्हणाले, "बाई, हमको इतनाच आता है। ये भी बंद कर दें क्या?" मी असते तर गप्प बसले असते. इंदूताई म्हणाल्या, "बंद नका करू. पण फूल तोंडानं पाठवा." दुसऱ्या दिवशी भैयालालजींचा आवाज आला, "बहनों, आज हमारे आंगन में कनेर खिला है, पीला वाला। एक कली बंदर तोड़ के ले गया।" मग हे रोजचंच झालं. आज काय फुललं, कोणी तोडलं, वानरांनी काय केलं. बाया त्याची वाट पाहायच्या. त्यातून ते फोटो काढायला शिकले, आणि पुढे स्वतःच्या नातवाच्या शाळेची फीसुद्धा फोनवरून भरू लागले.

पण असं किती दिवस चालणार? ग्रुपचा स्वभाव असतो बघा. ज्याला येत नाही तो लाजून बोलत नाही, आणि ज्याला आलं त्याला तिथं काही काम उरत नाही. तोही बोलत नाही. हळूहळू आमचा ग्रुप मुका पडला. भैयालालजींच्या फुलाशिवाय दिवसचे दिवस काही यायचं नाही. आणि मग एक दिवस मी इंदूताईंकडे विरजण मागायला गेले. त्या फोनवर अक्षरं मोठी करून पाहत होत्या, मला दाखवलंही कसं करायचं ते. मी घरी येते न येते तोच ग्रुपवर त्यांचा आवाज. "बायांनो, माह्या फोनमधली अक्षरं फार बारीक दिसून राह्यली. मोठी कशी कराची, कोणाले येते का?"

मी तशीच परत गेले. "अवं ताई, आत्ताच तर तुमी माह्यासमोर केलं!"

"चूप राह्य," त्या म्हणाल्या. "मैना बोलते का पाहू. लय दिवस झाले, बोलली नाही."

आणि मैना बोलली की! अडखळत, चुकत, पण सेटिंगपासून सगळं सांगितलं. इंदूताई म्हणाल्या, "वा मैनाबाई, झालं बरं मोठं. तुमच्यामुळे दिसू लागलं." मैनाबाईच्या पुढच्या मेसेजमध्ये आवाज दोन बोटं वर चढला होता.

तेव्हापासून त्यांनी तो धंदाच धरला. माहीत असून विचारायचं. फोनचा उजेड कमी झाला, काय करू? चुकून कोणाचा नंबर ब्लॉक झाला, कसा काढू? फोटो सापडून नाही राह्यला. कधी मुद्दाम चुकीचं सांगायच्या, म्हणजे दहा बाया धावून याव्यात, "नाही वो ताई, तसं नाही!" हा डाव त्या एक्स्चेंजमधून शिकल्या होत्या. लाइन मेली की नाही पाहायला ऑपरेटर स्वतःच घंटी वाजवून पाहायची म्हणे. त्या मुद्दाम विचारतात हे मला एकटीला माहीत होतं, नंतर हळूहळू सगळ्यांनाच कळलं. पण मजा अशी, की कळल्यावरही कोणी थांबलं नाही. सांगण्यात सुख असतं ना माणसाला.

मग एका हिवाळ्यात ग्रुपला भलताच बहर आला. इंदूताई दिवसातून किती वेळा विचारायच्या! एकच प्रश्न सकाळीही आणि दुपारीही. भैयालालजी हसून म्हणायचे, "मैडम फिर से इम्तिहान ले रही हैं।" बाया म्हणायच्या, "ताई आज लय रंगात आहे." उत्तरं धडाधड यायची. इतका जिवंत ग्रुप मी कधी पाहिला नव्हता.

एका दुपारी मी वड्या घालत होते. ग्रुपवर इंदूताईंचा आवाज आला, "बायांनो, ग्रुपमध्ये आपला आवाज कसा पाठवाचा असते? मले सांगा." आता हे त्या आवाजातच विचारत होत्या! हसण्याची जत्राच भरली. बाया काय, पुरुष काय, हसण्याचेच मेसेज. "ताई, हे तर हद झाली!" मीही हसत हसत हात पुसून त्यांच्याकडे गेले.

त्या खाटेवर पाठ सरळ करून बसल्या होत्या. फोन मांडीवर, एकामागून एक हसण्याचे आवाज वाजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "सुभद्रे," त्या म्हणाल्या, "हे सारे काहून हासून राह्यले?"

मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले.

मग त्यांना थोडं उघडल्यासारखं झालं असावं. आभाळ उघडतं तसं त्या दिवसांत मधूनच उघडायचं. त्यांनी माझा हात धरला. "आधी मी माहीत असून विचारत होती. आता खरंच माहीत नसते वो. हात करते, पण मले समजत नाही का हातानं काय केलं." मी म्हटलं, "ताई, प्रशांतले सांगू?" प्रशांत त्यांचा मुलगा, नागपूरला असतो. त्या म्हणाल्या, "नोको. ग्रुप कसा चांगला चालून राह्यला, पाह्य ना. हासू दे त्यायले."

मी सांगितलं नाही. पण असल्या गोष्टी झाकून किती राहतात? एक दिवस त्या नेसून-सवरून घराबाहेर पडल्या आणि जुन्या एक्स्चेंजच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. "माही ड्यूटी आहे," म्हणून चौकीदाराशी वाद घातला. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणलं. प्रशांत रात्रीच्या गाडीनं आला, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर बोलले ते ऐकून तो ओट्यावर डोकं धरून बसला. मग त्यानं आईचा फोन हातात घेतला आणि ग्रुपवरचे सगळे आवाज एकेक करून ऐकले. आईचे प्रश्न, आणि खाली लोकांचं हसणं.

"काकू," तो मला म्हणाला, "माझी आई पडून राहिली असती तरी चाललं असतं. पण लोक तिच्यावर हसतात हे मला सहन नाही होत."

आणि त्यानं ग्रुपवर लिहिलं. भैयालालजींचं 'सुप्रभात' सोडलं तर त्या ग्रुपवर आजवर कोणी अक्षर टाकलं नव्हतं. त्यानं लिहिलं, की आईची स्मृती जात आहे, सबब हा ग्रुप आज बंद करण्यात येत आहे. ग्रुप इंदूताईंच्याच फोनवरून चालायचा, तेव्हा बंद करणंही त्याच्या एका बोटावर होतं, तेवढं बोट दाबायचं बाकी होतं. बहुतेक बायांना ते वाचताच आलं नाही. मला फोनवर फोन. "काय लिवलं वो काकी? कोण वारलं का?" शेवटी मीच ते आवाजात वाचून टाकलं, आणि काय झालंय तेही सांगितलं.

मग मैनाबाईचा आवाज आला. मागे कोणी तरी लाकडं फोडत होतं.

"प्रशांतभाऊ, आमी हासलो. आमाले वाटलं ताई नेहमीसारखी खेळून राह्यली. आता कोणी नाही हासणार. पण बंद नोको करा. मी येडी बाई, एकच गोष्ट ताईले किती डाव विचारली असन. ताईनं कधी म्हटलं नाही का आत्ताच तर सांगितलं. आता ताई विचारते, आमी सांगू. रोज सांगू. तुमाले वाटते का आमी थकू? नाही थकत."

पाठोपाठ भैयालालजी. "बेटा, माँ को हमसे मत छीनो। घर में वो अकेली पड़ जाएगी।"

प्रशांतनं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग उठून नळावर गेला आणि किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "काकू, आईला राहू द्या ग्रुपमध्ये. पण चालवायला कोणी तरी पाहिजे." म्हणून ग्रुपचं चालवणं मैनाबाईकडे दिलं. तिचा नवरा आता तो फोन खिशात घालून नेत नाही. नेला तर बाया त्याच्यावर तुटून पडतील.

आणि त्यांनी शब्द पाळला हो. पुढचे कित्येक महिने इंदूताई रोज विचारायच्या. आवाज कसा मोठा करायचा? हे कोण बोलते? फोन बंद कसा करायचा? आणि रोज कोणी ना कोणी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायचं. भैयालालजी तर सुरुवातच करायचे, "बहुत अच्छा सवाल पूछा आपने, मैडम।" एकदाही कोणी कंटाळल्याचा आवाज काढला नाही. आणखी एक झालं. ज्या बाया लाजून कधी विचारत नव्हत्या, त्या इंदूताईंच्या प्रश्नाची उत्तरं ऐकून गुपचूप शिकू लागल्या. किरनापुराकडची एक बाई मला भेटली तेव्हा म्हणाली, "काकी, ताई रोज तेच विचारते म्हणून माह्या ध्यानात बसलं."

पण घरात एकटीनं राहणं काही शक्य राहिलं नाही. गॅस उघडा राहायचा, दार उघडं राहायचं. मी तरी किती पुरणार, माझेही गुडघे धड नाहीत. प्रशांतनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं.

निघायची सकाळ. गाडी दारात उभी. प्रशांत गाद्या, बॅगा ठेवत होता. त्यांना ओट्यावर खुर्ची टाकून दिली होती. अंगावर स्वेटर, केस मीच विंचरून दिलेले. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं नाही, पण चांगलं हसून दाखवलं, जसं आपण बसमध्ये शेजारच्या बाईकडे पाहून हसतो. मग हाताच्या जुन्या सवयीनं माइक दाबून, फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, "कोणी आहे का? याच्यात लोकं बोलतात. मलेही त्यायच्यासंग बोलाचं आहे. कसं बोलू?"

लगेच मैनाबाईचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. "ताई, मी आहे ना. घाई नाही. खाली उजव्या हाताले माइकचं चित्र दिसते. त्याच्यावर अंगठा ठेवा. दाबून धरा, उचलू नका. आता बोला, मनात असन ते. झालं का अंगठा काढून घ्या. नाही जमलं तर पुन्हा विचारा, मी हितंच आहे."

इंदूताईंनी मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकलं. मग मला म्हणाल्या, "पाह्यलं का बाई, किती समजावून सांगते. कोण होय हे?"

"मैनाबाई," मी म्हटलं. "लांजीकडची."

"कोणाजवळ शिकली असन?"

मी त्यांच्या स्वेटरचं बटण लावलं. "आहे एक बाई. इथलीच. बालाघाटची."

त्या विचारात पडल्या. फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. मग परक्याकडे काही मागताना होतो तशा जरा संकोचानं मला म्हणाल्या, "तिले सवड असली तर माह्याकडे पाठवसान का? मलेही शिकाचं आहे."

"पाठवतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

प्रशांतनं त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, काच वर केली. गाडी वळली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या फोनकडे पाहत होत्या. अंगठा जिथं सांगितला तिथं घट्ट टेकलेला होता, आणि काचेआड त्यांचे ओठ हलत होते.